रावपुऱ्यातला वाडा आणि तीन पिंपं चुना

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या वाड्यातली देवघरामागची भिंत मी लहान असल्यापासून ओली होती. तेव्हा ओल गुडघ्याएवढी होती. बाबा गेले त्या वर्षी ती माझ्या छातीपर्यंत चढलेली होती. गिलाव्याचे पोपडे पडायचे, त्यावर पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुटायचा, आणि एके ठिकाणी वीट अशी झाली होती की बोट दाबलं तर अर्धं पेर आत जायचं. लाल भुकटी नखात राहायची.

बाबांनी नव्वदच्या दशकात भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. रावपुऱ्यात तेव्हा सगळेच करत होते. वाड्यावर माया होती म्हणूनच केलं त्यांनी. पण जुन्या विटांच्या भिंतीत जमिनीतली ओल थोडीफार चढतेच. चुन्याचा गिलावा असला की ती वाटेतच बाहेर येऊन सुकते. सिमेंटने ती वाट बुजते. मग पाणी वर वर चढत जातं, आणि त्यातला क्षार विटेच्या पोटात साठून वीट आतून फोडतो. हे मला फार उशिरा समजलं.

तीन कंत्राटदारांना भिंत दाखवली. दोघांनी पुन्हा सिमेंट सांगितलं. तिसरा म्हणाला, “पाडून टाका, जागा सोन्याची आहे.” पुण्याच्या चुलतभावाचंही तेच मत होतं. वाड्याचे हिस्सेदार सात, आणि दुरुस्तीच्या कागदांवर सातही सह्या हव्यात. पाच आठवड्याभरात मिळाल्या. सहावी काकूंची, त्या म्हणाल्या, “सही घे, पण माझं तुळशीवृंदावन हलवू नकोस.” सातवी त्या पुण्याच्या चुलतभावाची, दादाची.

दादाला जुन्या आठवणी सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी नियम दाखवला. आमचा वाडा तांबेकर वाड्यापासून शंभर मीटरच्या आत येतो. तांबेकर वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. 1958 च्या स्मारक कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली, त्यानुसार अशा स्मारकाभोवतीच्या 100 मीटरच्या पट्ट्यात नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी काढूनच करता येतं. 16 जून 1992 च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती मात्र त्या 100 मीटरमध्येही परवानगी घेऊन करता येते. म्हणजे वाडा पाडला तर तिथे बिल्डरची इमारत उभी राहणारच नव्हती. दादाने फोनवर बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाला, “पाठव कागद.”

परवानगीचं काम मीच केलं. सिटी सर्व्हेचा उतारा, सातही संमतीपत्रं, चारही बाजूंचे फोटो, काय आणि कशाने दुरुस्त करणार त्याचं वर्णन, आणि स्मारकापासूनचं अंतर दाखवणारा नकाशा. पहिला अर्ज परत आला. नकाशावर मी अंतरच लिहिलं नव्हतं. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांना एवढंच सांगते: नकाशा आर्किटेक्टकडून करून घ्या, आणि वर्णनात “नूतनीकरण” असं मोघम लिहू नका. “दक्षिणेकडच्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करणे, खराब विटा बदलणे” असं लिहा. दुसऱ्यांदा असंच लिहिलं. परवानगी आली तेव्हा पावसाळा संपत आला होता.

खरा शोध होता तो कडियाचा. (बडोद्यात आम्ही गवंड्याला कडियाच म्हणतो.) चुन्याचं काम येणारे आता थोडे राहिलेत. शेवटी डभोईकडचे एक मिस्त्री मिळाले, वय सत्तरीच्या पुढचं. त्यांनी भिंतीवर जागोजाग बोटाची पेरं वाजवली आणि पोकळ, बद्द आवाज आला तिथे तिथे कोळशाने गोल काढले. मग म्हणाले, “बेन, भिंतीला काही झालेलं नाही. तिचं तोंड दाबलंय.”

दसऱ्याला चौकात तीन पिंपं मांडली. त्यात पाणी भरून चुनकळी, म्हणजे भट्टीतून आलेले कोरड्या चुन्याचे खडे, सोडली. पाणी उकळायला लागलं, वाफेने चौक भरला. त्या दिवशी कुणालाही पिंपाजवळ फिरकू दिलं नाही. त्या चुन्याने कातडी भाजते, डोळ्यात गेला तर डोळा जातो. विरलेला चुना गाळून पुन्हा पाण्याखाली ठेवला, तो पुरा महिनाभर. मिस्त्री दर आठवड्याला येऊन लाकडाने ढवळून जायचे. मला घाई होती, त्यांना नव्हती.

दिवाळीनंतर छिन्नीने सिमेंट उतरवलं. त्याच्या खाली जमिनीपासून चार हातांवर जुन्या चुन्याचा एक पट्टा टिकून होता, गुळगुळीत, हस्तिदंतासारखा, आणि त्यावर गेरूची बोटभर रुंद रेघ. बाबांच्याही आधीच्या कुणाच्या तरी हातची. ती रेघ आम्ही तशीच ठेवली आहे.

मग भिंत नुसतीच उघडी ठेवली, सुकायला. भुसभुशीत विटा काढून जुन्याच मापाच्या विटा बसवल्या. गिलाव्यासाठी एक भाग चुना, दीड भाग सुरखी, दीड भाग वाळू. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा. तिच्यामुळे चुना ओलीतही घट्ट धरतो. हिरडा आणि गूळ रात्रभर भिजवून त्याचं पाणी कालवणात घातलं. त्या वासाने शेजारच्या सरूआजी काठी टेकत चौकात आल्या. “आमच्या माहेरी असा वास यायचा, घर बांधलं तेव्हा,” म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या नातवंडांना घेऊन आल्या. लोकांना दाखवायचं असं मी काही ठरवलं नव्हतं, सुरुवात आजींनी केली.

त्यानंतर रविवारी सकाळी देवडीचं दार उघडं ठेवू लागले. मुलांना भाषण देत नाही. दोन भिंतींवर तळहात ठेवायला सांगते, एक सिमेंटची, एक चुन्याची, आणि कुठली गार लागते ते विचारते. मग सगळे मिळून तांबेकर वाड्यात जातो. महाभारत, कृष्णलीला, मराठे आणि इंग्रजांची लढाई, सगळं त्या भिंतींवर रंगवलेलं आहे, आणि ते चुन्याच्या गिलाव्यावर टिकून आहे. हात चुन्यात घालून आलेलं मूल ती चित्रं वेगळ्या डोळ्यांनी बघतं. एका मुलीने चित्र सोडून आधी भिंतीची कड बघितली.

बडोद्यात वारसा म्हटलं की पाहुण्यांना 1890 चा लक्ष्मी विलास राजवाडा दाखवतात, फार तर 1896 चं न्यायमंदिर. ते दाखवायलाच हवं. पण नजरबाग राजवाडा आमच्या डोळ्यांदेखत पाडला गेला, आणि रावपुरा, वाडी, सुलतानपुऱ्यात लाकडी खांबांची, कोरीव तुळयांची किती घरं गेली त्यावर कुणी ओळही लिहिली नाही. राजवाड्यासाठी बोलणारे लोक असतात. साध्या वाड्यासाठी त्यात राहणाऱ्यांनीच बोलायला हवं, आणि त्यासाठी आपलं घर कशाचं आहे हे त्यांना ठाऊक हवं. म्हणून यंदा आमच्या वाड्याच्या गणपतीपुढे थर्माकोलचा देखावा केला नाही. पडलेल्या घरांचे जुने फोटो लोकांनी आपापल्या कपाटातून आणून दिले, ते लावले. शेजारी चुना, सुरखी, वाळू तीन परातींत ठेवली. लोक आरतीनंतर थांबत, फोटोतल्या दारावर बोट ठेवून “हे आमचं” म्हणत.

गिलाव्यावर एकवीस दिवस ओली गोणपाटं बांधली होती. सिमेंट काही तासांत धरतं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत महिनोन्‌महिने कडक होत राहतो. होळीला मिस्त्रींनी शेवटची घोटाई केली. आषाढ-श्रावणात मी रोज सकाळी देवघरामागे जाऊन हात लावून बघत होते. वीतभर उंचीपर्यंत ओल दिसली, ऊन पडलं की गेली. लोणा फुटला नाही.

एक पिंप शिल्लक आहे. चुन्यावर चार बोटं पाणी राहील एवढं बघायचं, मग तो कितीही महिने टिकतो, उलट मुरतो. सरूआजींच्या मुलाने ओट्यावर फरशी बसवायचं रद्द केलं आहे. त्यांचं काम दसऱ्यानंतर सुरू होईल, मिस्त्रींना कळवलंय.