‘कुणाला चावलाय का?’

कुत्र्यांसाठीच्या आमच्या मोफत रेबीज लसीकरण शिबिरात नोंदणीच्या टेबलावर एक प्रश्न ठरलेला असतो : “गेल्या दहा दिवसांत कुणाला चावलाय का?” उत्तर जवळजवळ नेहमी “नाही” यायचं. कारण “हो” म्हणणाऱ्याला लस न देता परत पाठवायचं, असा संस्थेचा नियम होता आणि रांगेत तो सगळ्यांना कळलेला असे.

नियमामागचं शास्त्र खरं आहे. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत उतरतो तो लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी. म्हणून चावलेलं कुत्रं पुढचे दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. मधेच लस टोचली आणि कुत्रं मलूल झालं, तर ते लसीमुळे की रोगामुळे, हे कळत नाही. तेव्हा थांबणं योग्यच. पण थांबवलेल्या माणसाला घरी धाडून द्यायचं, हे मला कधीच पटलं नव्हतं.

शिबिरात पशुवैद्याचं अर्धं लक्ष सुईवर नसतंच. लस २ ते ८ अंशांत राहतेय ना, बाटली बर्फाला थेट टेकत नाही ना, हे सतत बघावं लागतं. गोठलेली लस फेकूनच द्यावी लागते. आणि बघायचे असतात हात. धरणाऱ्याची पकड ढिली असेल तर पुढचा चावा तिथेच होतो. म्हणूनच मला ती मुलगी दिसली. आजोबांबरोबर मोत्याला घेऊन आलेली, नऊ-दहा वर्षांची. पट्टा डाव्या हातात, उजवा हात बाहीत ओढून घेतलेला.

“हाताला काय झालं गं?”

“दारात सापडला,” आजोबाच बोलले.

आमची स्वयंसेविका ताई तिच्याशेजारी खाली बसली. तिने चाव्याचं नावही काढलं नाही. “मोत्याला कुणी घेऊन जाणार नाही हं,” एवढंच म्हणाली. मुलगी लगेच म्हणाली, “तो खात होता. मी ताटली ओढली.”

फडकं सोडलं. अंगठ्याच्या मुळाशी दोन खोल भोकं, कडा सुजलेल्या. तीन दिवसांपूर्वीची. कातडी फाटून रक्त आलेला चावा, तोही मज्जातंतूंनी भरलेल्या हातावर! एका दवाखान्यात त्यांना “घरचंच कुत्रं ना, मग काही नाही” असं सांगितलं होतं म्हणे. हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय आणि दर वेळी संताप होतो. मोत्याला आयुष्यात एकदाही लस मिळालेली नव्हती. घरचा असल्याने काय फरक पडतो?

जखम नळाखाली साबणाने धुवायला घेतली. पूर्ण पंधरा मिनिटं. मुलगी रडत होती, ताई तिचं मनगट धरून होती. तेवढ्यात आजोबांनी हळूच विचारलं, “डॉक्टर, मोत्याला टोचलं की पोरीचं भय गेलं ना?”

त्यांना खरंच तसं वाटत होतं. कुत्र्याची लस म्हणजेच नातीचा उपाय. म्हणून ते खोटं बोलले होते, आणि तेच खोटं आम्ही मान्य केलं असतं तर ते निर्धास्त होऊन घरी गेले असते. मुलीला एकही डोस मिळाला नसता. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

ताई त्यांना माझी चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात घेऊन गेली. पहिला डोस झाला, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं, दिलं. मोत्याला ती रोज बघून यायची : खातो का, पाणी पितो का, आवाज बदललाय का. तो ठणठणीत राहिला. दहा दिवस उलटल्यावर त्याला घरीच टोचलं.

आता आमच्याकडे “हो” म्हणणाऱ्यांसाठी वेगळं टेबल आहे. चावा झालेल्या माणसाबरोबर कुणीतरी रुग्णालयात जातं आणि कुत्र्याच्या कार्डावर घरी येऊन लस देण्याची तारीख लिहिली जाते. माझे एक सहकारी यावर नाराज आहेत. ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तरच रोगाची साखळी तुटते, एकेका घरामागे माणसं गुंतवली तर आकडा कसा गाठणार, असं ते म्हणतात. आकड्याबद्दल त्यांचं बरोबरच आहे. पण नोंदवहीत खरं उत्तर येत नसेल, तर त्या आकड्याचा त्या मुलीला काय उपयोग होता? आता “हो” येऊ लागलंय, कधी जुन्या ओरखड्यासाठीही. पुढच्या शिबिरात त्या टेबलाला आणखी दोन माणसं मागितली आहेत. अजून मिळालेली नाहीत.