मग तुम्ही खाता तरी काय?

हा प्रश्न विचारला जातो तेव्हा विचारणाऱ्याच्या हातात बहुधा भाताचा चमचा असतो आणि माझा तळहात ताटावर आडवा. ‘भात नको, पाव नको, बटाटा नको, मांस-मासे तर नाहीतच, अंडंही नाही. मग तुम्ही खाता तरी काय?’ आवाजात थोडी काळजी, थोडी कीव आणि बरंचसं कुतूहल असतं. तिथे उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, कारण चमच्यातला भात निवत असतो. म्हणून आता निवांत सांगते.

थोडक्यात सांगायचं तर मी निथळलेलं खाते. थट्टा करत नाहीये, पुढे कळेलच.

सुरुवात झाली चार वर्षांपूर्वीच्या एका रक्ततपासणीने. तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा एचबीएवनसीचा आकडा ६.२ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी कार्ब (कर्बोदकं, म्हणजे स्टार्च आणि साखर) कमी करायला सांगितलं आणि एक छापील कागद पुढे केला. मी शाकाहारी आहे आणि अंडंही खात नाही, हे कळल्यावर ते पेनने एकेक ओळ खोडत गेले. अंडी गेली, चिकन गेलं, मासे गेले. शेवटी कागदावर काकडी, पालक आणि ‘भरपूर पाणी’ एवढंच उरलं. तो कागद मी बरेच दिवस जपून ठेवला होता.

दोष त्यांचा नव्हता. कमी कार्बचा विचारच मुळात मांसाच्या ताटावर वाढलेला आहे. विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या गृहस्थाने १८६३ साली आपलं वजन कसं उतरलं याची एक पुस्तिका छापली. ती इतकी गाजली की त्याच्या आडनावाचं क्रियापद झालं. स्वीडिश भाषेत आजही वजनासाठी पथ्य पाळण्याला ‘बांता’ म्हणतात. त्याने पाव, साखर, बटाटे, बिअर सोडली. मांस आणि मासे राहिले. मांसात स्टार्च जवळजवळ नसतोच, त्यामुळे पाव उचलून बाजूला ठेवला तरी त्याचं ताट जागच्या जागी उभं राहिलं.

शाकाहारी ताट असं उभं राहत नाही. आमचं प्रोटीन एकटं येत नाही, कार्बचा हात धरून येतं. शंभर ग्रॅम शिजलेल्या मसुरीत प्रोटीन साधारण ९ ग्रॅम आणि कार्ब २०. त्यातलं ८ ग्रॅम फायबर (चोथा, तो पचून साखर होत नाही) वजा केलं तरी १२ उरतात. मी दिवसाला फायबर सोडून ८० ग्रॅम कार्ब धरते आणि प्रोटीन ६० ग्रॅम. (एवढा कडकपणा सगळ्यांना लागत नाही. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत असेल तर त्याला कमी कार्ब म्हणायची पद्धत आहे. कीटोवाले, म्हणजे कार्ब जवळजवळ बंदच करणारे, २० ते ५० वर उतरतात. शाकाहारी राहून तिथे टिकणारे असतील, माझा नमस्कार.) आता हे ६० ग्रॅम प्रोटीन नुसत्या मसुरीतून काढायचं तर साडेसहाशे ग्रॅम शिजलेली डाळ खावी लागेल आणि तेवढ्यातच दिवसाचे सगळे कार्ब संपतील. फोडणीतल्या कांद्यालासुद्धा जागा उरायची नाही.

पहिले दोन महिने मी या हिशेबाशी नुसती झटापट करत होते. मग एक दिवस दही फडक्यात बांधून टांगलं होतं, खाली भांड्यात पाणी ठिबकत होतं, आणि डोक्यात उजेड पडला. हे जे ठिबकतंय त्यातच तर साखर आहे.

दुधात दर १०० मिलीला ५ ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते; म्हणजेच मोठा ग्लासभर दुधात १२ ग्रॅम. ही साखर पाण्यात विरघळलेली असते. दूध फाडलं की प्रोटीन आणि स्निग्धांश चोथ्यात राहतात आणि लॅक्टोज बरचसं पाण्याबरोबर निघून जातं. पनीर म्हणजे हेच. चीजमध्ये उरलंसुरलं लॅक्टोज जिवाणू खाऊन टाकतात, म्हणून चांगलं मुरलेल्या कडक चीजमध्ये कार्ब नावालाच असतात. दही टांगलं की त्याच वजनात प्रोटीन दुपटीच्या घरात जातं. सोयाबीनचं दूध फाडून दाबलं की टोफू. त्यातही चोथा गाळताना आणि पाणी दाबून काढताना कार्ब निघून जातात आणि शंभर ग्रॅममागे २-३ उरतात. आणि या सगळ्यांत गमतीदार म्हणजे गहू, जो सोडला म्हणून लोक माझी कीव करतात. कणकेचा घट्ट गोळा पाण्यात चोळत राहिलं की स्टार्च दुधाळ पाणी होऊन वाहून जातो आणि हातात रबरासारखा गोळा उरतो. ते ग्लूटेन. वाळवून विकतात त्या पुडीत पाऊण हिस्सा प्रोटीनच असतं. (ग्लूटेन न सोसणाऱ्यांनी अर्थातच त्याच्या वाटेला जाऊ नये.)

म्हणजे माणसाने प्रोटीन-कार्बचं हे गाठोडं सोडवायची युक्ती कधीचीच शोधून ठेवली आहे: पाणी काढून टाका. तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरात सर्वांत जास्त राबते ती गाळणी. डाळी सोडल्या नाहीत, त्यांचा हुद्दा बदलला. आधी वाटीभर असायची ती आता चार-पाच चमचे असते, तोंडी लावण्यापुरती. अपवाद फक्त सोयाबीनचा. शंभर ग्रॅम उकडलेल्या सोयाबीनमध्ये १७-१८ ग्रॅम प्रोटीन आणि फायबर वजा जाता जेमतेम ३-४ ग्रॅम कार्ब, म्हणजे न निथळताच मोकळं.

प्रोटीनचा प्रश्न असा सुटला. पण तुम्ही विचारता तेव्हा तुमच्या मनात प्रोटीन नसतं. ताटाच्या मधोमध काय असतं, हे तुम्हाला हवं असतं. ते कळायला मला जास्त वेळ लागला.

पहिल्या आठवड्यात मी नेहमीचीच भाजी केली आणि भाताशिवाय खायला बसले. दुसऱ्या घासालाच ती खारट लागली. मिरची घशाशी आली. भाजी तीच, हात तोच. मग लक्षात आलं की भाजीत मीठ-तिखट किती घालायचं हे हात ठरवत नाही, शेजारचं धान्य ठरवतं. भात अळणी, पाव जवळजवळ अळणी. त्यांच्या वाट्याचंही मीठ आपण भाजीत घालत असतो. धान्य उठलं की भाजीने निम्म्या मिठात बोलायला शिकावं लागतं. रस्सेही तसेच. पातळ रस्सा हा काहीतरी बुडवण्यासाठी जन्माला आलेला पदार्थ आहे. बुडवायला काही नसेल तर तो सूप होतो, आणि मग त्याला सूपासारखंच सौम्य करावं लागतं. मी आता बहुतेक भाज्या मोठ्या आचेवर, कोरड्या, कडा खरपूस होईपर्यंत परतते. दाताखाली काहीतरी लागलं पाहिजे. पोट भरलं असं वाटायला चावणं लागतं, हे धान्य असताना कधी कळलंच नव्हतं.

फ्लॉवरच्या ‘भाता’बद्दल फार विचारतात. शंभर ग्रॅम फ्लॉवरमध्ये ५ ग्रॅम कार्ब, भातात २८, तेव्हा आकडा मोहक आहे. पण बहुतेकांचा लगदा होतो, कारण ते किसलेला फ्लॉवर झाकण ठेवून शिजवतात. फ्लॉवर म्हणजे बहुतांशी पाणीच. किसून फडक्यात पिळायचा, पसरट कढईत झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं, आणि मीठ शेवटी, कारण आधी घातलं की तो पाणी सोडतो. तरीही तो भात होत नाही. चांगला फ्लॉवर होतो. त्याला भात म्हणणं मी सोडलं आणि तो आवडायला लागला.

टोफूला चव नाही म्हणणाऱ्यांसाठी एकच सांगते: आधी फ्रीझरमध्ये दगड होऊ द्या, मग वितळवून दोन तळहातांत दाबून पिळा. आतल्या बर्फाने जाळी पडते आणि तो स्पंजासारखा मसाला पितो. पाव हवासाच वाटला तर बदामाच्या पिठात इसबगोलाचा भुसा घालते. इसबगोल पाणी धरून चिकट होतो आणि ग्लूटेनचं थोडंफार काम करतो. ताजा असताना बरा लागतो, दुसऱ्या दिवशी त्याच्याबद्दल न बोललेलं बरं.

दिवस असा जातो. सकाळी टांगलेलं दही, त्यात कुटलेलं जवस. जवसात शंभर ग्रॅममागे २९ ग्रॅम कार्ब दिसतात, पण त्यातले २७ फायबर. दुपारी टोफू किंवा पनीर आणि दोन भाज्या, रात्री सोयाबीन किंवा मश्रूम, वर चमचाभर तीळ. भाज्यांचा ढोबळ नियम असा की जमिनीच्या वर पानं-फुलं होऊन वाढतं ते मोकळेपणाने, जमिनीखालचं मोजून. मटार आणि मका वर वाढत असले तरी मोजायच्या यादीत. फळांत स्ट्रॉबेरी चालते, पेरू अर्धा, केळं शंभर ग्रॅममागे २३ ग्रॅम कार्बचं, म्हणून क्वचित. खरी कसोटी संध्याकाळी पाचला लागते. तेव्हा मूठभर बदाम. मुठीत ३० ग्रॅम मावतात आणि फायबर वजा करता ३ ग्रॅमच्या आत-बाहेर कार्ब पडतात. तेवढेच काजू घेतले तर ८. काजूंशी माझं भांडण आहे, ते काही मिटत नाही.

चुका पुष्कळ केल्या. पहिल्याच आठवड्यात वजन दोन किलोंनी उतरलं आणि मी हरखले. ते पाणी होतं. शरीर साखरेचा जो साठा करतं त्या ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा उतरला की पाणीही जातं. शिवाय इन्सुलिन कमी झालं की मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात. त्या दिवसांत डोकं दुखायचं, उठताना गरगरायचं, आणि मी मात्र भाजीतलं मीठ निम्मं केलेलं. मला रक्तदाबाचा त्रास नाही, त्यामुळे दुपारी ग्लासभर खारट सूप प्यायले की बरं वाटायचं.

दुसरी चूक मोठी होती. कार्ब काढले तिथे मी लोणी, क्रीम आणि चीज भरलं. सहा महिन्यांत साखर सुधारली आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, चढलं. तेव्हा टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांचं काम वाचनात आलं. कोणता पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याचं माप म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स; त्याची कल्पना १९८१ साली मांडणाऱ्या गटाचे हे प्रमुख. २००९ साली त्यांच्या गटाने एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला: चार आठवडे, एका गटाला कमी कार्बचा वनस्पतीजन्य आहार (ग्लूटेन, सोया, सुकामेवा, वनस्पती तेलं), दुसऱ्याला जास्त कार्बचा, दूध-अंड्यांसकटचा शाकाहार. वजन दोन्हीकडे सारखंच, साधारण ४ किलो उतरलं. एलडीएल मात्र पहिल्या गटात जास्त घसरलं. चार आठवड्यांच्या प्रयोगावर आयुष्य बेतू नये हे खरं, पण मी लोण्याच्या जागी तेल आणि सुकामेवा आणला, चीज रविवारपुरतं ठेवलं, आणि माझा आकडा उतरला.

पालक आणि बदाम या दोन्हींत ऑक्सलेट भरपूर. ज्यांना मुतखडा होऊन गेलाय त्यांनी रोज पालकाची भाजी आणि बदामाच्या पिठाचा पाव असा बेत करू नये. बी१२चं दूध-दही खाणाऱ्यांचं कसंबसं भागतं, तेही तपासून घ्यावं. दूधही न घेणाऱ्यांना गोळी लागतेच.

डब्यावरचे आकडे वाचताना मीही फसले आहे. युरोपीय लेबलवर कार्बच्या आकड्यातून फायबर आधीच वगळलेलं असतं, अमेरिकी लेबलवर ते धरलेलं असतं. युरोपातून आलेल्या पाकिटावरच्या कार्बमधून मी कितीतरी दिवस फायबर पुन्हा वजा करून खुश होत होते. ‘शुगर फ्री’ चॉकलेटात बऱ्याचदा माल्टिटॉल नावाचं साखरेऐवजी वापरतात ते गोडवण असतं, ते साखर चढवतं, आणि जास्त खाल्लं तर पोटही बिघडवतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. तुम्ही इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर माझं ऐकून उद्यापासून भात सोडू नका. डोस तोच ठेवून कार्ब कमी केले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्यांत धोका वेगळाच: साखर फार चढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. आधी डॉक्टर, मग गाळणी. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर प्रोटीन वाढवण्याआधीही तेच.

आणि शेवटी तुमचा जोडप्रश्न: ‘कधीच नाही का हो भात?’ खाते की. प्रवासात, आजारपणात, कुणी मनापासून केला असेल तर. फक्त क्रम बदलते. भाजी आणि प्रोटीन आधी, भात शेवटी घेतला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. हे अभ्यासातही दिसलं आहे आणि माझ्या ग्लुकोमीटरवरही. त्यामुळे हल्ली चमचा पुढे आला की मी हात आडवा धरत नाही. ‘शेवटी वाढा, दोन चमचे,’ एवढंच म्हणते. शेवट येईपर्यंत वाढणारा बहुतेक वेळा विसरून गेलेला असतो, आणि मीही आठवण करून देत नाही.