मेथोट्रेक्सेट घ्यायची की नाही

आमवाताचं निदान झालं तेव्हा डोळ्यांपुढे आले ते मावशीचे हात. तिची बोटं करंगळीकडे पार कलंडली होती. शेवटी शेवटी साडीच्या निऱ्यासुद्धा दुसऱ्या कुणीतरी घालून द्याव्या लागायच्या. मी ब्लाउज शिवते. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नव्हती, हुक लावताना सुई चिमटीत राहीना. आमवातासाठी करतात ती अँटी-सीसीपी नावाची रक्ततपासणी चांगलीच पॉझिटिव्ह आली. अशांचे सांधे लवकर खराब व्हायची शक्यता जास्त, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मेथोट्रेक्सेट लिहून दिली. रात्री मोबाइलवर वाचत बसले: कॅन्सरचं औषध, यकृत, फुफ्फुसं, रक्तातल्या पेशी. झोप उडाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी काढा तरी घेऊन बघ." मावशीनंही वर्षानुवर्षं काढे आणि कसल्याशा पुड्याच घेतल्या होत्या, पण ते मी बोलले नाही.

पुढच्या वेळी प्रश्न लिहूनच नेले. कॅन्सरला हे औषध कितीतरी मोठ्या मात्रेत देतात. आमवातासाठी अमेरिकेत त्याला १९८८ मध्येच मान्यता मिळाली. धोका खोटा नाही, पण यकृताचं बिघडायला लागलं तर ते बहुतेक वेळा रक्ततपासणीत कळतं, डोस कमी करता येतो, औषध थांबवता येतं. सांध्याचं हाड एकदा कुरतडलं गेलं की पूर्ववत होत नाही, आणि हे नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होतं. माझं तिथेच ठरलं. छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), एलएफटी (यकृताची तपासणी) करून सुरुवात केली. या औषधावर असताना गरोदर राहून चालत नाही. आम्हाला आता मूल नकोच होतं, तो विषय तिथेच संपला.

मला आता धास्ती वेगळीच. गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. फॉलिक अ‍ॅसिड बाकीच्या दिवशी. माझ्या दोन्ही गोळ्या पिवळ्या, बारीक, पाकिटावरची नावंही सख्ख्या बहिणींसारखी! म्हणून मेथोट्रेक्सेट वेगळ्या डब्यात, आणि कालनिर्णयवर दर शनिवारी लाल फुली. रविवारी मळमळतं, फोडणीचा वाससुद्धा नको होतो. केसही गळतात.

सूज उतरायला दोन-अडीच महिने लागले. हुक आता लावते, काज मात्र मशीनवर. मध्यंतरी रक्तात एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास होतोय हे दाखवणारं एन्झाइम, वाढलं म्हणून डोस १५ मिलिग्रॅमवरून १० वर आणलाय. एवढ्यावर सूज परत आली तर लेफ्लुनोमाइड ही दुसरी गोळी किंवा बायोलॉजिक नावाची, प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं, असं डॉक्टर म्हणतात. इंजेक्शनांआधी टीबीची तपासणी लागते. ती याच महिन्यात उरकून टाकणार आहे.