वर्धा रोडला लागताना: अ‍ॅक्टिव्हा, ऑल्टो आणि एसयूव्ही

नागपुरात मानेवाड्याहून मिहानला जायचं म्हणजे रोज कुठून तरी वर्धा रोडला लागावंच लागतं. आधी अ‍ॅक्टिव्हा होती, मग जुनी ऑल्टो ८०० घेतली आणि आता कामासाठी ऑफिसची डिझेल एसयूव्ही चालवते. रस्ता तोच, मीही तीच. तरी वाहत्या ट्रॅफिकमध्ये शिरण्याचा अंदाज प्रत्येक गाडीसोबत नव्यानं बसवावा लागला.

अ‍ॅक्टिव्हाला जागा कमी लागते आणि ४० पर्यंत ती झटकन जाते. पण साठच्या पुढे समोरचा वारा तिची ताकद खातो, मागे कोणी बसलं असेल तर आणखीच. मुख्य रस्ता ७० ने पळत असेल, तर डाव्या कडेला राहून हळूहळू मिसळणं हाच तिचा मार्ग.

ऑल्टोनं मात्र मला खरं शिकवलं. ७९६ सीसी, ४८ च्या आसपास हॉर्सपॉवर, वजन साधारण साडेसातशे किलो. एकटी असले की गाडी हलकी वाटते. चार जण बसले की अडीचशे किलोच्या वर भर पडते, म्हणजे वजन जवळजवळ एक तृतीयांश वाढतं, आणि वेग घ्यायला वेळही तितकाच जास्त लागतो. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, म्हणून ४० वरून ८० वर जाणं हे शून्यावरून ४० गाठण्याच्या तिप्पट काम आहे. मी कागदावर हिशेब मांडला, तर एकटीला अंदाजे सात सेकंद आणि शंभर-सव्वाशे मीटर लागतात. भरलेल्या गाडीला नऊ सेकंद आणि दीडशे मीटर. मागची गाडी ८० ने येत असेल तर ती दर सेकंदाला २२ मीटर कापते. हे आकडे डोक्यात बसले, तेव्हापासून उजव्या आरशात दिसणारी जागा मला वेगळी दिसायला लागली.

माझे मामा एसटीत चालक होते. ते शेजारी बसून सांगायचे, "पोरी, रोडले लागाच्या आधीच वेग पायजे. लागल्यावर वेग धरशीन त मागच्याले ब्रेक माराव लागते." छोट्या इंजिनाची पूर्ण ताकद वरच्या आरपीएमवरच, म्हणजे इंजिन जोरात फिरत असतानाच मिळते. त्यामुळे चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात इंजिन ओरडू द्यायचं आणि तेवढ्यापुरता एसी बंद करायचा. इंजिनाच्या आवाजाची भीती गेली, तसं बरंच काम सोपं झालं.

एसयूव्ही पावणेदोन टनांची आहे, पण टनामागे ताकद ऑल्टोपेक्षा जास्त. इंजिनात जादा हवा भरणाऱ्या टर्बोनं जोर धरला की ती सरळ वेग घेते. त्याआधीचा क्षणभराचा रिकामा दम ओळखून पाय आधीच दाबावा लागतो. उंच बसल्यामुळे पुढचं दूरवर दिसतं. मात्र गाडीच्या छताला आधार देणाऱ्या खांबाआड, दाराशेजारी एखादी दुचाकी सहज लपते. म्हणून आरसा पाहून झाल्यावर मान वळवून पाहायचं मी कधीच सोडत नाही.

खापरीच्या पुढे, बुटीबोरीकडे, खरा प्रश्न ट्रकचा. ४९ टनांच्या भरल्या ट्रेलरला टनामागे पाच-सहा हॉर्सपॉवर मिळतात. एकट्या चालकासह ऑल्टोला पन्नासच्या वर. आपण त्याच्यापुढे घुसलो आणि त्यानं ब्रेक मारला, तर गेलेला वेग परत मिळवायला त्याला फार वेळ लागतो. मागची सगळी रांगही सोबत मंदावते. शिवाय आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि आपण रस्त्याला लागतो डावीकडून, म्हणजे नेमकं त्याला सगळ्यात कमी दिसतं त्या बाजूनं. त्याला आपण दिसलोच नसू, हे धरूनच मी चालते. मुख्य रस्त्यावरच्या गाडीचा हक्क आधी, हा नियमही आहेच.

समृद्धी महामार्गावर वर्ध्याजवळच्या इंटरचेंजवरून चढताना हे सगळं एकत्र येतं. कारला १२०, जड वाहनांना ८० ची मर्यादा, त्यामुळे वेगवेगळ्या लेनमधल्या वेगांत मोठा फरक असतो. आईबाबा आणि सामान घेऊन ऑल्टोनं निघाले, तर टोलनंतरच्या रॅम्पवरच मी ८० गाठते, ट्रकला पुढे जाऊ देते आणि त्याच्या मागच्या जागेत शिरते. उजवी लेन घ्यायची की नाही, ते त्यानंतर बघते.