झाडीत फिरायला छोटी दुर्बीण घेताय? १०×२५ बाजूला ठेवा

मराठवाड्यातल्या गौताळ्यात, येडशीच्या रामलिंग घाटात किंवा किनवटच्या सागाच्या रानात फिरायला लहान आणि अव्वल दर्जाची दुर्बीण घ्यायची असेल, तर पहिला सल्ला एवढाच: अंगावर १०×२५ लिहिलेली घेऊ नका. मग ती जर्मन असो, ऑस्ट्रियन असो, कितीही महाग असो. दुकानात ती हमखास आवडते. बाहेर लख्ख ऊन असतं, समोरच्या इमारतीवरची पाटी दहापट जवळ येते आणि माणूस खूश होऊन पैसे मोजतो. तीच दुर्बीण पहाटे सव्वासहाला नाल्याकाठच्या झाडीत डोळ्याला लावली की चित्र अंधारलेलं दिसतं आणि हाताच्या थरथरीने हलतंही.

कारण एका भागाकारात आहे. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. व्यासाला पटीने भागलं की डोळ्यापाशी पडणाऱ्या उजेडाच्या गोलाचा आकार मिळतो. यालाच एक्झिट प्युपिल म्हणतात. १०×२५ मध्ये हा गोल २.५ मिमीचा, ८×२५ मध्ये जेमतेम ३.१ चा, ८×३२ मध्ये पूर्ण ४ चा. भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुली २ ते ३ मिमी एवढीच उघडी असते, म्हणून तेव्हा तिन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. पहाटे दाट सावलीत बाहुली ४ मिमीच्या पुढे जाते. मग २.५ चा गोल तिला अपुरा पडतो. उजेड क्षेत्रफळावर ठरतो, त्यामुळे अशा वेळी ८×३२ मधलं चित्र १०×२५ पेक्षा अडीचपट उजळ असतं. हा फरक भिंगावरच्या कुठल्याही कोटिंगने (पातळ लेपाने) भरून निघत नाही.

कॅटलॉगमध्ये ‘ट्वायलाइट फॅक्टर’ नावाचा एक आकडा छापलेला असतो, त्याला फसू नका. पट आणि व्यास यांच्या गुणाकाराचं ते वर्गमूळ. १०×२५ चा येतो १५.८ आणि ८×३२ चा १६. कागदावर दोन्ही सारख्याच, झाडीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

या महागड्या छोट्या दुर्बिणींच्या बऱ्याच जाहिराती युरोप-अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. तिथे परवान्याने हरणाची शिकार चालते, जंगलात पायी माग काढायचा असतो, आणि हरीण बाहेर पडतं तेही पहाटे नाहीतर कातरवेळी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या शिकाऱ्याच्या गरजा तपासल्या तर त्या आपल्याच निघतात: कमी उजेड, आड येणाऱ्या फांद्या, जवळचं अंतर, दिवसभर गळ्यात न जाणवणारं वजन आणि आवाज न करणारी पिशवी. म्हणून ते लोक कोणत्या कसोट्या लावतात हे जरूर वाचा, फक्त बंदूक वगळून.

आपल्या रानाची एक गोष्ट मात्र त्यांच्या जाहिरातीत सापडणार नाही. मराठवाड्यातलं जंगल पानझडीचं. फेब्रुवारी ते मे साग, सालई, धावडा सगळे उघडेबोडके असतात, जमिनीपर्यंत ऊन येतं आणि ८×२५ सुद्धा पुरून उरते. जुलैपासून तोच नाला हिरवा गच्च होतो, वर ढग, खाली अंधार. पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग पक्षी करवंदीच्या जाळीखाली पाचोळा उलटत असतो, तो तुमच्यापासून १५-२० मीटरवर असतो आणि तरी दिसत नाही. तेव्हा ८×३० किंवा ८×३२ चीच गरज पडते. तुमची भटकंती मुख्यतः उन्हाळ्यात पाणवठ्यावर असेल तर खिशातली दुर्बीण घ्या. श्रावणात रानात जाणाऱ्याने ३० मिमीच्या खाली उतरू नये.

आता दृश्याची रुंदी. हजार मीटरवर किती मीटर रुंद दिसतं हा आकडा माहितीपत्रकात असतो, पण झाडीत हजार मीटर कुणाला दिसतात? त्याला ५० ने भागा, म्हणजे २० मीटरवरचा हिशोब मिळेल. १०×२५ मध्ये साधारण २ मीटर, ८×२० मध्ये २.२, चांगल्या ८×२५ मध्ये २.६, आणि ८×३० मध्ये २.९ पर्यंत. स्वर्गीय नर्तक एका फांदीवर दोन सेकंदही टिकत नाही. अशा पक्ष्याच्या बाबतीत या अर्ध्या-पाऊण मीटरवर तो सापडेल की नाही हे ठरतं. शिवाय पट कमी असली की फोकसची खोली वाढते. ८ पटीची दुर्बीण १० पटीच्या साधारण दीडपट खोलीपर्यंत एकाच वेळी स्पष्ट दाखवते, म्हणून पुढच्या पानावर फोकस बसला तरी मागचा हळद्या अगदीच पुसट होत नाही.

मॉडेलचं बोलायचं तर खिशात मावणाऱ्यांत झाइस व्हिक्टरी पॉकेट ८×२५ मला सर्वात पटते. वजन २९० ग्रॅम, दृश्याची रुंदी हजार मीटरवर १३० मीटर, १.९ मीटरवरचं फुलपाखरू दाखवते. स्वारोव्स्की सीएल पॉकेट ८×२५ जेमतेम ३५० ग्रॅमची, रुंदी ११९ मीटर, हातात जास्त भरीव वाटते. लायका अल्ट्राव्हिड ८×२० सगळ्यात लहान, सदऱ्याच्या खिशात बसते, पण तिचा उजेडाचा गोल २.५ मिमीचाच. म्हणजे आपण १०×२५ ज्या कारणासाठी नाकारली तेच कारण इथेही आहे. लायकाचीच ट्रिनोव्हिड ८×२० तर पावसाच्या शिंतोड्यांपुरतीच सुरक्षित आहे, आतून वायू भरून बंद केलेली नाही. आपल्या पावसाळ्यात ती नको.

एक पायरी वर निकॉन मोनार्क एचजी ८×३० आहे. ४५० ग्रॅम, रुंदी १४५ मीटर, आणि किंमत युरोपियन दुर्बिणींपेक्षा बरीच खाली. मराठवाड्यातल्या झाडीसाठी एकच दुर्बीण घ्यायची असेल तर माझं मत हिलाच. स्वारोव्स्की सीएल कम्पॅनियन ८×३० सुंदर आहे, पण ३ मीटरच्या आतलं दाखवत नाही आणि रुंदी १३२ वर थांबते. झाइस एसएफ ८×३२ ची रुंदी १५५ आणि स्वारोव्स्की एनएल प्युअर ८×३२ ची १५०. चित्र पाहिलं की खाली ठेववत नाही. पण अनुक्रमे ६०० आणि ६४० ग्रॅम वजन म्हणजे त्यांना ‘लहान’ म्हणताना जरा ओढाताण होते. जायकवाडीच्या नाथसागरावर रोहित (फ्लेमिंगो) पाहायला यातली एकही पुरी पडत नाही. उघड्या पाण्यासाठी १०×४२ किंवा तिवईवरचा स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण) लागतो. आणि शेतात रात्री रोही-डुकरांवर लक्ष ठेवायला ही जातच कामाची नाही, तिथे चांदण्यात ७×५० हवी.

एवढे पैसे जातात कुठे? मुख्यतः प्रिझममध्ये, म्हणजे उलटं चित्र सुलटं करणाऱ्या आतल्या काचेच्या ठोकळ्यांत. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत बहुधा श्मिट-पेचान प्रिझम असतो. त्याच्या एका बाजूवरून उजेड आपोआप परावर्तित होत नाही, तिथे आरशाचा मुलामा द्यावा लागतो. ॲल्युमिनियमचा मुलामा सुमारे ९० टक्के उजेड परत पाठवतो, चांदीचा ९५ च्या पुढे, आणि डायइलेक्ट्रिक (धातूऐवजी अनेक पातळ पारदर्शक) थरांचा ९९ च्या वर. शिवाय या प्रिझममध्ये उजेडाचे दोन भाग किंचित पुढे-मागे होतात आणि बारीक तपशील धूसर होतो. त्यावर उपाय म्हणजे फेज कोटिंग, जे झाइसने १९८८ मध्ये आणलं. त्यावर भिंगाच्या प्रत्येक पृष्ठावर बहुस्तरीय कोटिंग हवं, कारण कोटिंग नसलेल्या प्रत्येक पृष्ठावर ४ टक्क्यांच्या आसपास उजेड वाया जातो आणि दुर्बिणीत अशी पृष्ठं दहाच्या वर असतात. ‘फुली मल्टीकोटेड’ आणि नुसतं ‘मल्टीकोटेड’ यात म्हणूनच फरक आहे. दुसऱ्यात काही पृष्ठं कोरी सोडलेली असू शकतात.

दुकानात तपासताना पाटी वाचत बसू नका. दुकानदाराला सांगून जिन्याखालचा अंधारा कोपरा किंवा रस्त्यापलीकडच्या झाडाचा बुंधा पाहा, तोही मागे उजळ आभाळ येईल असा. बुंध्यावर दुधाळ पडदा आल्यासारखा वाटला तर आतला काळा रंग आणि कोटिंग कमी प्रतीचं आहे. आभाळासमोरच्या विजेच्या तारेला जांभळी-हिरवी कड दिसली तर काच साधी आहे. दृश्याच्या मधोमध ती अजिबात नसावी, कडेला थोडी चालते. मग दुर्बीण हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे करा आणि आयपीसमधले (डोळ्याकडच्या भिंगांतले) दोन गोल पाहा. ते स्वच्छ गोल हवेत. कडा कापल्यासारख्या किंवा चौकोनी राखाडी दिसल्या तर प्रिझम लहान किंवा हलक्या काचेचे बसवलेत.

दोन नळ्या एका रेषेत आहेत का हे पाहणं सर्वात महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक जण विसरतात. दूरच्या पाण्याच्या टाकीची आडवी कड पकडा आणि डोळ्यांपासून दुर्बीण सावकाश ५-१० सेंटिमीटर मागे न्या. दोन चित्रांत कड वर-खाली झाली तर तो नग परत करा. डोळे ही चूक काही वेळ सावरून घेतात आणि दहा मिनिटांत कपाळ दुखायला लागतं. लोक मग म्हणतात, मला दुर्बीण सोसत नाही.

चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जितका लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, १५ मिमीपेक्षा कमी नको, आणि आकड्यावरही विसंबू नका. आयकप (डोळ्याकडची रबरी कडी) खाली दाबून चष्म्यासकट पाहा. दृश्याची काळी गोल कड चारही बाजूंनी दिसली पाहिजे. फोकसचं चाक एका दिशेला फिरवून लगेच उलटं फिरवा. चित्र त्याच क्षणी हललं पाहिजे, मध्ये पोकळ फिरणं म्हणजे आतली ढिलाई. आणि घडी. खिशातल्या दुर्बिणींना दोन बिजागऱ्या असतात, दर वेळी दोन्ही बाजू नव्याने बसवाव्या लागतात आणि तेवढ्यात पक्षी उडतो. व्हिक्टरी पॉकेटची घडी एकाच बाजूला आहे, तिच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे.

घरी आणल्यावर दोन डोळ्यांतला फरक बसवून घ्या, नाहीतर लाखाची वस्तूही अस्पष्टच दिसेल. उजवं पुढचं भिंग हाताने झाका, ३०-४० मीटरवरच्या कडुनिंबाच्या सालीवर मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस बसवा. मग डावं झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याला साल स्वच्छ दिसेपर्यंत डायऑप्टर, म्हणजे एकाच डोळ्याचा फोकस जुळवणारं छोटं चाक, फिरवा. डायऑप्टर काहींत उजव्या आयपीसवर असतो, काहींत दोन नळ्या जोडणाऱ्या पुलाच्या टोकाला. झाकताना डोळा मिटू नका, मिटलेल्या डोळ्याने दुसऱ्यावरही ताण येतो. जमलं की खुणेचा आकडा वहीत लिहून ठेवा.

आपल्या काळ्या मातीची धूळ भिंगाची शत्रू. उपरण्याने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसलं की त्यातले कण कोटिंगवर ओरखडे काढतात, आणि ओरखडा भरून येत नाही. आधी हवेचा फुगा, मग मऊ ब्रश, मग तोंडाची वाफ देऊन भिंगाचं स्वच्छ फडकं, मधून बाहेरच्या बाजूला. पूर्ण वॉटरप्रूफ दुर्बीण चिखलाने माखली तर नळाच्या हलक्या धारेखाली धुता येते. पितळखोऱ्याच्या लेण्यांना गाडी उन्हात लावून मे महिन्यात दुर्बीण डॅशबोर्डवर सोडू नका. चाकातलं वंगण पातळ होऊन भिंगापर्यंत पसरू शकतं. पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत ठेवली की बुरशी येते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा आणि जेल ओलावलं की पुड्या बदला.

वेल्क्रोची पिशवी टाळा, तिचा चर्र आवाज शांत रानात लांबवर जातो. पट्टा आखूड करा, दुर्बीण छातीवर बसली पाहिजे. पोटापर्यंत लोंबली तर प्रत्येक दगडावर आपटते आणि मघाशी तपासलेली रेष तिथेच बिघडते.

जुनी घेणार असाल तर मोबाइलची बॅटरी पुढच्या भिंगातून तिरकी मारा आणि मागून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, इंद्रधनुष्यी डाग म्हणजे भिंगांचा चिकटवलेला जोड सुटतोय. नवी घेताना अधिकृत विक्रेत्याचं, सिरियल नंबर लिहिलेलं बिल मागा. बिलाशिवाय परदेशातून आलेला नग स्वस्त पडतो खरा, पण दुरुस्तीची वेळ आली की तो पाठवायचा-आणायचा सगळा खर्च आणि कस्टमची कटकट तुमच्याच गळ्यात पडते.