तुम्ही विचारलंत म्हणून: उघड्या ट्रॅक्टरवर कॅमेरा टिकतो का?

कॅबिन नसलेल्या ट्रॅक्टरला मागचा कॅमेरा लावला तर तो ऊन-पावसात टिकेल का, असं मला नेहमी विचारतात. चांगला कॅमेरा टिकतो. आधी दगा देतो तो चालकासमोरचा मॉनिटर, आणि त्याच्याही आधी वायरचे जोड. म्हणून खरेदीची सुरुवात मॉनिटरपासून करा.

खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा फक्त कॅमेऱ्यापुरतं. मॉनिटर कॅबिनच्या आत बसेल असं धरूनच बनवलेला असतो. त्याचा आयपी आकडा, म्हणजे धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो ते सांगणारा आकडा, वेगळा विचारा. आयपी ६७ मधला ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून तपासलेलं. आयपी ६९के ही चाचणी निराळी, जवळून मारलेल्या गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याची. बुडवून टिकलेली वस्तू फवाऱ्यापुढे टिकेलच असं नाही, त्यामुळे ट्रॅक्टर प्रेशरने धूत असाल तर दोन्ही आकडे बघा. उजेडाचंही तसंच. भर दुपारी चित्र दिसायला साधारण १००० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) पडदा आणि वर सावली धरणारी झापड हवी. पोलराइज्ड (चकाकी कमी करणारा) गॉगल घालत असाल तर तो घालूनच पडदा पारखा. काही पडदे त्यातून काळे दिसतात.

आता जोड. इथे घाई केली की सगळा खर्च वाया जातो. वायर पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली की उन्हाने डिंक सुटतो, पाणी आत शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. इतकंच नाही, ते पाणी तारांच्या फटींतून पुढेही सरकतं. आटे फिरवून घट्ट होणारे, आत रबरी रिंग असलेले कनेक्टर घ्या. जोड द्यावाच लागला तर आतून गोंद असलेली, तापवून आवळणारी नळी चढवा. कनेक्टरच्या अलीकडे वायरला खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच टपकेल. वीज चावीनंतरच्या, म्हणजे चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या, लाइनवरून घ्या आणि फ्यूज घालाच. सायलेन्सर, पीटीओ शाफ्ट (अवजाराला फिरवणारा दांडा) आणि लिफ्टचे हलणारे दांडे यांच्यापासून वायर लांब ठेवा.

कॅमेरा रोल बारवर उंच बसवा, पण क्लॅम्पने. त्या बारला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. ट्रॅक्टर उलटला तर चालकाचा जीव त्याच्यावरच असतो. मॉनिटरच्या सेटिंगमध्ये चित्र आरशासारखं उलटं करून घ्या, नाहीतर डावं-उजवं चुकतं.

रोटाव्हेटर किंवा पेरणी यंत्र चालवताना तासन् तास मान मागे वळवून बसावं लागतं. माझ्या मते कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच आहे. रिव्हर्ससाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका. मागच्या चाकाच्या बाजूला उभं असलेलं लहान मूल पडद्यावर येत नाही. हॉर्न द्या, उतरून बघा, आणि अवजार जोडताना मध्ये माणूस असेल तर ट्रॅक्टर हलवूच नका.

ट्रॉली भरली की ट्रॅक्टरवरच्या कॅमेऱ्याला समोर नुसती तिची फळी दिसते. ट्रॉलीचं काम जास्त असेल तर दुसरा कॅमेरा ट्रॉलीच्या पाठीला लावा आणि हिचजवळ (ट्रॉली जोडतात तिथे) सहज सुटणारा प्लग ठेवा, म्हणजे ट्रॉली सोडताना कुणी विसरलं तरी वायर तुटणार नाही.