नऊ किलोंचा जॅक

“ताई, गाडी उचलायला जॅक कोणता घेऊ?” असं मला लोक जिन्यात विचारतात, बँकेत विचारतात, आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता भाच्याच्या मित्राने विचारलं. दोनेक महिन्यांनी एखाद्या रविवारी मी पार्किंगमध्ये वॅगन-आरचं चाक काढून बसलेली दिसते, त्यामुळे असेल. उभ्याउभ्या मी “दोन टनी ट्रॉली जॅक घे” एवढंच सांगते, म्हणजे दोन टन पेलणारा, चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक जॅक. तुम्ही विचारलंत ते मात्र नीट विचारलंत. स्वस्त हवा, हलका हवा, घरच्या घरी वापरायचाय. म्हणून जरा बसून लिहिते.

माझा पहिला जॅक चुकला. एक गॅरेज बंद होत होतं, तिथून जुना तीन टनी जॅक भंगाराच्या भावात मिळाला. लोखंड अस्सल, काम चोख, पण वजन तीस किलोंच्या वर. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. वर चढवताना दोघांनी हात लावला, खाली आणायला कुणी तयार होईना. शेवटी जिन्याखाली ठेवला, तर सोसायटीच्या सभेत त्यावर चर्चा झाली. वर्षात तो दोनदा वापरला असेन. मग पुण्याच्या नाना पेठेत जाऊन साडेतीन हजारांचा, जेमतेम नऊ किलोंचा आणला. तो सहा वर्षं वापरतेय. एका हातात जॅक, दुसऱ्या हातात पान्ह्यांची पिशवी, की निघाले. पन्नाशीनंतर कंबर तीस किलोंना हो म्हणत नाही, हेही खरंच.

सगळे आधी टन विचारतात. ती काळजी सोडा. वॅगन-आर सगळी मिळून साधारण साडेआठशे किलोंची. इंजिन पुढे, त्यामुळे पुढच्या दोन चाकांवर पाचशेच्या आसपास. एक पुढचं चाक उचलताना जॅकवर येऊन येऊन तीनशे किलो येतील. दोन टनी जॅकला हे काहीच नाही. तीन टनी घेतलात तर वाढेल ते तुम्हालाच वाहून न्यावं लागणारं लोखंड.

हलका जॅक हलका कशाने झालाय, ते मात्र बघा. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर छानच. पण मी पाहिला त्याची किंमत पाच आकडी होती, आणि वर्षातून पाच-सहा वेळा चाक काढणाऱ्या माणसाने तेवढे घालवावेत असं मला वाटत नाही. स्वस्त आणि हलका दोन्ही एकत्र आलं, की सांगाडा आखूड असतो, चाकं बारकी असतात आणि उचल कमी असते. मला आखूड चालतो, मी गाडी बाजूनेच उचलते. बंपरखालून आत सरकवून पुढची दोन्ही चाकं एकदम उचलायची असतील, तर असा जॅक तिथवर पोचतच नाही.

खरी फसगत होते ती उंचीत. समोरच्या विंगमधल्या काकांनी माझं बघून तस्साच जॅक आणला. त्यांची गाडी उंच, एसयूव्ही. जॅक पार वर गेला तरी चाक जमिनीलाच. काका जॅकला नावं ठेवायला लागले, पण जॅकची काही चूक नव्हती. गाडी उचलली की चाक लगेच सुटत नाही. आधी स्प्रिंग मोकळी होते, चाक खाली लोंबत राहतं, आणि दारांखालची पट्टी चांगली दहा सेंटिमीटर वर आली की कुठे टायर जमीन सोडतो. आम्ही टेप लावली. काकांच्या गाडीची पट्टी जमिनीपासून चोवीसवर. चोवीस आणि दहा चौतीस. जॅकवर छापलेली कमाल उंची तेहतीस!

लहान गाडीचं दुखणं उलटं. माझी पट्टी वीस सेंटिमीटरवर आहे, पण हवा जाऊन टायर पूर्ण बसला की ती पंधरावर येते. जॅकची किमान उंची साडेतेरा, वर दोन सेंटिमीटरचा रबराचा तुकडा, म्हणजे जॅक आत जाणारच नाही. तो रबर मात्र सोडू नका. पट्टीवरच्या दोन खाचांच्या मधोमध जॅक लावायचा असतो, आणि जॅकच्या वरच्या, गाडीला टेकणाऱ्या लोखंडी वाटीने ती पट्टी दुमडते. मी जाड रबराला मध्ये चीर पाडून घेतलीय, पट्टी त्या चिरेत बसते. उंची कमी पडली तर लोक वाटीवर लाकडाचा ठोकळा ठेवतात. तो सटकतो. काकांना मी अख्ख्या जॅकखाली जाड, रुंद फळी घालायला लावली, आणि काम झालं.

फळीचा आणखी एक उपयोग आहे, तो दुकानदार सांगत नाही. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, गोलाईत जातो. म्हणून वर जाताना जॅकला चाकांवर थोडं सरकावं लागतं. गॅरेजच्या गुळगुळीत फरशीवर तो आपसूक सरकतो. आपल्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक, त्यांच्या फटीत जॅकची बारकी चाकं अडकतात. जॅक सरकला नाही की वाटी पट्टीवरून घसरायला बघते. माझं हे एकदा झालं. गाडी हातभर उंचीवरून पडली नाही, दोन बोटंच खाली आली, पण त्या आवाजाने वॉचमन धावत आला. तेव्हापासून अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडचा तुकडा डिकीतच असतो.

हँडब्रेकबद्दलही लोकांचा गोंधळ असतो. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना आणि गिअर पुढच्या. मागचं चाक उचललंत तर हँडब्रेकचा भरवसा निम्म्यावर आला, गाडी गिअरमध्ये हवी. पुढचं उचललंत तर गिअर धरत नाही, कारण डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे, हवेतलं चाक मोकळं फिरतं. तिथे हँडब्रेक हवा. मी दोन्ही लावते आणि तिरक्या विरुद्ध कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून लाकडी पाचर घालते. विटा नकोत, भुगा होतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, हे बहुधा ठाऊकच असेल.

आता पैशांचं. तुमच्याकडे पाच हजार असतील तर पाच हजारांचा जॅक घेऊ नका. तीन-साडेतीनचा घ्या आणि उरलेल्यात जॅक स्टँडची जोडी, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचे लोखंडी टेकू. जॅकमध्ये सगळा भार तेलाच्या दाबावर आणि एका रबरी सीलवर असतो. सील झिजलं की गाडी हळूहळू बसते, आणि बसताना सांगत नाही. स्टँड घेताना दातांच्या खिटीपेक्षा आरपार पिन जाणारे मला बरे वाटतात. 2020 मध्ये अमेरिकेत दहा लाखांहून जास्त दातवाले स्टँड परत मागवावे लागले होते, दात नीट अडकत नव्हते म्हणून. बदली दिलेल्यांतही पुढे दोष निघाला.

पण बाजूने उचलताना पंचाईत अशी, की जिथे जॅक तीच जागा स्टँडची. गाडीच्या पुस्तिकेत ट्रॉली जॅकसाठी वेगळ्या जागा दिल्या असतील तर जॅक तिथे आणि स्टँड पट्टीखाली. नसतील, आणि नुसतं चाक काढून ब्रेक पॅड बघायचे असतील, तर मी काढलेलं चाकच पट्टीखाली आडवं सरकवते. गाडी बसलीच तर त्यावर बसेल. गाडीखाली मात्र मी शिरत नाही. ऑइल बदलायला सरळ गॅरेजात जाते. काळं तेल घरी कुठे ओतायचं, हाही प्रश्न असतोच.

दुकानात गेलात की दाब सोडायचा व्हॉल्व्ह घट्ट करून जॅक वर न्या आणि वाटी हाताने आडवी हलवून बघा. थोडी हलेल, खुळखुळ वाजली तर दुसरा मागा. सील किट मिळतं का, विचारा. घरी आणल्यावर गाडी जरा उचला, उंचीला भिंतीवर खडूची खूण करा, चहा घेऊन या. खूण आणि पट्टी जागेवर असतील तर ठेवा, नाहीतर बिल घेऊन परत जा. आणि पुढे कधी तेल कमी झालं तर हायड्रॉलिक जॅकचंच घाला, घरात आहे म्हणून ब्रेकचं नको. त्याने सीलं फुगतात.

कंपनीचं नाव तुम्ही विचारलंत, ते मी मुद्दाम सांगत नाहीये. आधी सपाट जागी गाडीच्या पट्टीची उंची मोजून कळवा. जमलं तर टायरची हवा पूर्ण काढून परत एकदा मोजा, म्हणजे दोन्ही आकडे हातात येतील. रविवारी नऊ ते अकरा मी खालीच असते.